वार्ता कोणास, केव्हा आणि कोणत्या मार्गाने?



आपल्यापैकी ज्यांची साठी उलटली आहे त्यांस घरी येणारे पोस्टकार्ड चांगलेच आठवत असेल. १८७९ साली हिंदुस्थानात पाव आण्याचे पोस्टकार्ड सुरू झाले, आणि त्याबरोबर एक अलिखित नियमही घरोघरी रुजला. पोस्टमनने, शेजाऱ्याने किंवा ओसरीवर बसलेल्या पाहुण्याने वाचले तरी चालेल, तेवढेच कार्डावर लिहावयाचे. खुशाली, पाऊसपाणी, गाडीची वेळ हे कार्डावर. मुलीच्या सासरची कुरबूर, कर्जाची गोष्ट, कोणाचे नाजूक दुखणे हे बंद पाकिटात. वडिलांस 'तीर्थरूप' म्हणून एक मजकूर जाई, मित्रास दुसरा, धाकट्या भावास तिसरा. ह्यास कोणी लपवाछपवी म्हणत नसे. नात्याचा पोच असणे म्हणत.

आज ह्या सर्वांची जागा हातातल्या फोनने घेतली आहे. तारेची सेवा तर २०१३ च्या जुलैमध्ये बंदच झाली. वार्ता आता क्षणात पोहोचते, ही मोठीच सोय होय. परंतु कार्ड घ्यावे की पाकीट, हे ठरविताना विचाराचा जो एक क्षण जात असे तोही तिच्याबरोबर गेला. त्या क्षणाचे मोल मला कसे कळले, हे आपणांस सांगतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या बंधूंस कर्करोग असल्याचे निदान झाले. संध्याकाळी अहवाल हाती येताच त्यांनी मला बोलावून सांगितले. मी काळजीपोटी ती वार्ता आमच्या कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर घातली. त्या ग्रुपवर एकतीस माणसे होती. त्यांची मुलगी बोस्टनला असते. तिकडे तेव्हा सकाळ होती. तिचे दिवसाचे काम संपल्यावर तिला फोन करून शांतपणे सांगावे, असे दादांनी ठरविले होते. तिने ती वार्ता कामावर जाताना आगगाडीत वाचली, आणि तीही प्रथम एका दूरच्या नातलगाच्या 'काळजी घ्या' ह्या उत्तरातून. पुढे दादा बरे झाले. पण ती मला एकदा म्हणाली, "काका, दुःख झालं ते झालंच. पण ते बाबांच्या तोंडून ऐकायचं होतं मला." ह्यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

माझा हेतू वाईट नव्हता आणि वार्ताही खोटी नव्हती. चूक एवढीच की ती वार्ता माझी नव्हती, आणि मी निवडलेला मार्ग तिच्या जोगा नव्हता. हेलन निसनबॉम ह्या अमेरिकेतील विदुषीने २००४ साली हाच विचार शास्त्रीय भाषेत मांडला. खाजगीपणा म्हणजे सारे काही गुप्त ठेवणे नव्हे. ज्या संबंधात एखादी गोष्ट सांगितली गेली, त्या संबंधाच्या रीतीप्रमाणेच ती पुढे जावी, हा तो विचार. वैद्याला सांगितलेले दुखणे मालकाच्या कानी गेले, तर त्यातला एक शब्दही खोटा नसताना अन्याय होतो.

आता फोनमधील मार्ग पाहू. ग्रुप म्हणजे भरलेली बैठक. तेथे बोललेले सर्वांस ऐकू जाते, आणि एकाचे उत्तरही सर्व वाचतात. ब्रॉडकास्ट लिस्ट हा प्रकार निराळा. तीत आपण एकच मजकूर अनेकांस पाठवितो, पण तो प्रत्येकास स्वतंत्र पत्रासारखा मिळतो. आणखी कोणास गेला हे त्यास दिसत नाही, आणि त्याचे उत्तर केवळ आपणांस येते. मात्र ज्याने आपला क्रमांक आपल्या फोनमध्ये नोंदविला असेल त्यासच तो पोहोचतो. स्टेटस चोवीस तास राहते, आणि ते कोणी पाहावे हे आपण ठरवू शकतो: नोंदलेल्या सर्वांनी, काहींस वगळून इतरांनी, किंवा निवडलेल्यांनीच. पेढे वाटण्याजोगी वार्ता ग्रुपवर शोभते. शस्त्रक्रियेची तारीख लिस्टवर बरी. निदान, घटस्फोट, नोकरी जाणे ह्या गोष्टी मात्र फोन करून किंवा समोर बसून सांगावयाच्या.

येथे कोणी म्हणेल, "व्हॉट्सॲपला तर कुलूप आहे!" खरे आहे. २०१६ पासून तेथील मजकूर पाठविणारा आणि घेणारा ह्यांच्यामध्ये कोणास वाचता येऊ नये अशी व्यवस्था आहे. परंतु हे कुलूप वाटेवरचे आहे, घेणाऱ्याच्या तोंडावरचे नव्हे. तो मजकूर पुढे पाठवू शकतो, पडद्याचे चित्र काढू शकतो. २०१८ साली भारतात एकच मजकूर एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी पुढे धाडण्यास बंदी घातली गेली; पण घराघरांतले मन दुखावण्यास पाच कशाला, एक पुरेसा होतो.

उलट बाजूही आहे. "आम्हांला का नाही कळविले?" हा रुसवा आपल्या समाजात लहान नव्हे. त्यावर उपाय सर्वांस एकदम सांगणे हा नसून क्रमाने सांगणे हा आहे. लग्नाची अक्षत आपण आधी देवापुढे ठेवतो, मग घरच्या वडीलधाऱ्यांस देतो, मग गावास. ज्याच्या आयुष्यावर वार्तेचा आघात अधिक, त्याचा मान पहिला. तो एकदा राखला की उरलेल्यांस ग्रुपवर कळविण्यात कसलाही कमीपणा नाही.

म्हणून बोट पडद्यावर टेकण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे. ही वार्ता कोणाची? ती आधी कोणास कळली पाहिजे? आणि ती कार्डाची आहे की पाकिटाची? ह्याला अर्धा मिनिट लागतो. त्या संध्याकाळी तेवढाच वेळ मी घेतला असता, तर एका मुलीने ती वार्ता आपल्या बापाच्या आवाजात ऐकली असती.