कामगारांच्या घरांचे पुरातत्त्व

मँचेस्टरच्या सूतगिरण्यांतील कामगार कसे राहत होते, याचे सर्वांत परिचित वर्णन फ्रेडरिक एंगल्स यांनी १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जर्मन ग्रंथात आढळते. परंतु ते बाहेरून आलेल्या निरीक्षकाने एका विशिष्ट काळी केलेले वर्णन आहे. तीच घरे पुढील अनेक दशके कशी बदलत गेली, हे औद्योगिक पुरातत्त्व, म्हणजे औद्योगिक काळातील भौतिक अवशेषांचा अभ्यास, सांगू शकते.

मँचेस्टरच्या एंजल मेडो आणि अँकोट्स या भागांत नव्या बांधकामांपूर्वी झालेल्या उत्खननांत पाठीला पाठ लावून बांधलेल्या घरांचे पाये उघडे पडले. अशा दोन ओळींना मागची भिंत एकच असे, त्यामुळे दार-खिडक्या केवळ दर्शनी बाजूस राहत आणि हवा आरपार खेळत नसे. मँचेस्टरच्या १८४४ च्या स्थानिक कायद्याने अशी नवी बांधकामे जवळजवळ थांबवली, तरी जुनी घरे वापरात राहिलीच. भिंत साडेचार इंची आहे की नऊ इंची, यावरून बांधणाऱ्याने विटांत किती काटकसर केली ते कळते. तळघरात चूल, खिडकी आणि रस्त्यावरून उतरणारा स्वतंत्र जिना आढळला, तर तेथे बिऱ्हाड असावे असे अनुमान करता येते. आणि सामायिक भिंत फोडून काढलेले दार दोन कोंदट घरांचे एक घर केल्याची साक्ष देते. या पुराव्याला एका मैलास पाच फूट इतक्या मोठ्या प्रमाणावरील तत्कालीन नकाशांची आणि प्रत्येकाचे नाव, वय, व्यवसाय व जन्मस्थान नोंदवणाऱ्या १८५१ च्या जनगणनेची जोड दिली, की वस्तीतील कुटुंबांचा इतिहास जुळवता येतो.

मुंबईच्या गिरणगावासाठी ही पद्धत तातडीची आहे. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि सामायिक शौचालये असलेल्या २०७ चाळी उभारल्या. त्यांपैकी पहिल्या तीन ठिकाणी पुनर्विकास सुरू आहे. रहिवाशांना मोठे घर मिळणे न्याय्यच आहे. मात्र उत्तुंग इमारतींच्या खोल पायांत जुन्या चाळीचा जोताही उरत नाही. म्हणून रहिवाशांनी घातलेले पोटमाळे, मोऱ्या आणि आडोसे यांची मोजमापे, छायाचित्रे आणि रहिवाशांच्या आठवणी नोंदवणे हा पाडकामाच्या नियोजनाचाच भाग असला पाहिजे, कारण ज्यांनी स्वतःविषयी फारसे लिहून ठेवले नाही, त्यांच्या जगण्याचा तोच सर्वांत विश्वसनीय दस्तऐवज आहे.