समुद्रदर्शनाचा बेत

वऱ्हाडांतील घरांत, आमच्या अचलपुरांतही, समुद्र न पाहिलेलीं वडील माणसें अद्याप आढळतात. त्यांजकरितां मालवणचा बेत आम्ही सुचवितों. बडनेऱ्याहून आगगाडीनें मुंबई गांठावी. तेथून कोंकण रेल्वेनें कुडाळ व पुढें मोटारीनें मालवण. समोरच्या कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं आरंभिलेला सिंधुदुर्ग आहे. भोंवतीं खारा सागर असतांही आंतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव यांचें पाणी गोड! पावसाळ्यांत होड्या बंद असतात, यास्तव दिवाळीनंतर जावें. ओहोटीस पाण्यांत उतरूं नये. मात्र तेथेंही चूल सुनांच्याच माथीं येणार असेल, तर सहल कोणाची? भोजन खाणावळींत करावें. आणि गुडघे दुखतात म्हणून आजीबाईंस घरीं ठेवूं नये. समुद्र त्यांनाच प्रथम दाखवावयाचा आहे.