जात्यावरच्या ओव्या : संग्रहातून समाजाकडे

लोकगीते ही राष्ट्राची सांस्कृतिक संपत्ती मानली जाते. तथापि या संपत्तीची नोंद कोणी ठेवावी, तिचा खर्च कोणी सोसावा आणि लाभ कोणाला मिळावा, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. या दृष्टीने महाराष्ट्रातील जात्यावरच्या ओव्यांचे उदाहरण अभ्यासण्याजोगे आहे.

श्रम आणि गीत

पहाटे दळण दळताना स्त्रिया ओव्या गात. सासर-माहेर, भाऊ, पंढरीचा विठ्ठल, डॉ. आंबेडकर असे अनेक विषय त्यांत येत. अर्थशास्त्राच्या परिभाषेत पीठ आणि ओवी ही जणू संयुक्त उत्पादने होती. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या आणि स्त्रियांचे कष्ट वाचले. हा बदल इष्टच होता. मात्र त्यामुळे गाण्याचे निमित्त सरले. ओव्या प्रामुख्याने मौखिक असल्याने त्या वयोवृद्ध स्त्रियांच्या स्मरणातच उरल्या.

संकलन व जतन

पुण्यातील समाजशास्त्रज्ञ हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी सुमारे दोन दशकांत सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या लिहून घेतल्या. बर्नार्ड बेल यांनी त्यांचा संगणकीय माहितीकोश उभारला. सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रणही झाले. ही सामग्री लोकसंगीताच्या संशोधनासाठी १९८२ मध्ये स्थापन झालेल्या व पुढे गुरुग्राम येथे असलेल्या अभिलेखागारात ठेवण्यात आली. पॉइतवाँ २००४ मध्ये व राईरकर २०१० मध्ये निवर्तल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या अभिलेखागाराने हा संग्रह लोकांसमोर आणण्यास प्रारंभ केला. त्यासाठी मूळ गायिकांचा त्यांच्या गावी जाऊन पुन्हा शोध घेण्यात आला.

हक्काचा प्रश्न

एकाने ओवी ऐकल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही; म्हणजेच ती सार्वजनिक वस्तू आहे. अशा वस्तूंच्या जतनात बाजारपेठ पुरेशी गुंतवणूक करीत नाही. म्हणून शासन व लोकाश्रय यांची आवश्यकता भासते. पारंपरिक ओवीचा कर्ता अज्ञात असल्याने रचनेवर कोणा एकाचा स्वामित्वहक्क सांगता येत नाही. गाणाऱ्या व्यक्तीचे स्थान मात्र वेगळे आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील १९९४ च्या दुरुस्तीने सादरकर्त्यांच्या हक्कांना मान्यता दिली, तर २०१२ च्या दुरुस्तीने सादरकर्ता म्हणून ओळखले जाण्याचा हक्क मान्य केला. ज्या स्त्रियांचे नाव सातबाऱ्यावरही क्वचितच लागते, त्यांच्या दृष्टीने या नामनिर्देशाचे मोल मोठे आहे.

युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाविषयीच्या २००३ च्या करारास भारताने २००५ मध्ये अनुसमर्थन दिले. वारसा जपण्याच्या कार्यात संबंधित समुदायाचा सहभाग असावा, अशी त्या कराराची अपेक्षा आहे. ती लक्षात घेता संग्रहाच्या यशाची कसोटी केवळ ओव्यांची संख्या ही नव्हे. ओवी गायिकेच्या नावासह तिच्या गावी परत पोहोचली, तरच जतनाचे कार्य पूर्ण झाले असे म्हणता येईल.