नेम तुमचा, पण छर्रा कुठला?

‘टार्गेट’ हा शब्द ऐकला की आपल्यासारख्या नोकरदार मंडळींच्या पोटात गोळा येतो. क्वार्टर संपत आलेला, एक्सेल शीट लाल झालेली आणि बॉसचा तिसरा मिस्ड कॉल! पण आणखी एक टार्गेट असतं. दहा मीटरवरच्या कागदाचं. एअर रायफलच्या या टार्गेटमधला ‘दहा’चा ठिपका केवढा असतो, ठाऊक आहे? अर्धा मिलिमीटर! बॉलपेन कागदावर नुसतं टेकवलं तरी साधारण तेवढं टिंब उमटतं. त्या टिंबाच्या मधोमध साडेचार मिलिमीटरचा शिशाचा तुकडा नेऊन बसवायचा, आणि तेही साठ वेळा.

नगरात (कागदोपत्री 2024 पासून अहिल्यानगर, पण एसटीत कंडक्टरला आपण अजून ‘एक नगर’ असंच म्हणतो) संध्याकाळी साडेसातनंतर मी हेच करतो. आमची रेंज म्हणजे सावेडीतल्या एका हॉलमध्ये आखलेल्या चार लेन. शेजारी योगा क्लास, वर ट्यूशन. कोण येतं? एमआयडीसीतले इंजिनिअर, एक दंतवैद्य, बँकेतल्या दोन ताई आणि शाळा-कॉलेजची पोरं. पॅरिस ऑलिंपिकनंतर ही गर्दी वाढली. 1 ऑगस्ट 2024 ला स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ब्राँझ घेतलं, आणि हा कोल्हापूरकडचा कांबळवाडीचा मुलगा मध्य रेल्वेत तिकीट तपासनीसाची नोकरी करत इथवर आलाय हे कळल्यावर आमच्याकडच्या निम्म्या क्युबिकल्सना वाटलं, बॉस, हे आपल्यालाही जमेल! त्याच्या सरावाच्या गोळ्यांसाठी वडिलांनी कर्ज काढल्याची बातमीही तेव्हा पेपरांत आली होती. ती मात्र बहुतेकांनी चटकन उलटली.

खरा विषय तोच आहे. रायफल एकदाच घेतली जाते, किंवा रेंजची वापरली जाते. छर्रे मात्र दर महिन्याला लागतात, वाण्याच्या बिलासारखे.

डबीवर काय लिहिलंय?

मढीच्या किंवा हरेगावच्या जत्रेत फुगे फोडले असतील, तर छर्रा तुमच्या ओळखीचा आहे. रेंजवर त्याला पेलेट म्हणतात. दुकानात गेलात की टोकदार, गोल डोक्याचे, चपट्या डोक्याचे असे प्रकार समोर येतात. टोकदार दिसायला एकदम सही, पण आपल्या कामाचे नाहीत. आपल्याला हवेत चपट्या डोक्याचे, कारण ते कागदाला पंचिंग मशीनसारखं स्वच्छ गोल भोक पाडतात आणि गुण मोजताना वाद होत नाही.

मग डबीवरचे आकडे. साधारण 0.53 ग्रॅम वजनाचे छर्रे रायफलसाठी, त्याहून हलके पिस्तुलासाठी. डोक्याचा व्यास 4.49, 4.50 किंवा 4.51 मिलिमीटर. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने काय होतंय, असं टूलरूममध्ये काम करणारा तरी विचारणार नाही. आणि सर्वांत बारीक अक्षरात छापलेला, कुणीच न वाचणारा आकडा म्हणजे लॉट नंबर. त्याच्याकडे पुढे येऊ.

स्पर्धेचे नावाजलेले छर्रे बहुतेक परदेशी. जर्मनीचे आरडब्ल्यूएस आणि एच अँड एन, चेक प्रजासत्ताकाचे जेएसबी. पाचशेची डबी हजाराच्या पुढेच जाते. देशी डबी काही शेकड्यांत येते. गंमत बघा, आपल्यापासून एकशेवीस किलोमीटरवर खडकीला 1869 पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे, केके रेंजवर रणगाड्यांचे धमाके झाले की नगरकरांच्या खिडक्यांना ते कळतं, आणि अर्ध्या ग्रॅमचा मॅच छर्रा मात्र आपण युरोपातून मागवतो!

आधी व्हाइस, मग पाकीट

आता मुद्द्याचं. सर्वांत महाग डबी सर्वांत चांगली, हा समज डोक्यातून काढून टाका. छर्रा निवडते ती तुमची बॅरल. एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळे छर्रे आवडू शकतात. म्हणूनच वरच्या पातळीवरचे नेमबाज छर्रे आणि काडतुसं लॉटप्रमाणे तपासून घेतात. पॉइंट टू टूच्या काडतुसांसाठी एली आणि लापुआ या कंपन्यांची स्वतःची चाचणी केंद्रं आहेत. तिथे आपली रायफल न्यायची, ती पक्की बसवून एकेका लॉटचे गट मारून बघायचे आणि जो लॉट पटला तोच पेट्यांनी घ्यायचा.

आम्ही हे नगरात केलं. निमित्त होतं आमच्या रेंजवरच्या एका अकरावीतल्या मुलीचं. तिच्या वडिलांची भिंगारला पिठाची गिरणी आहे. राज्यस्पर्धेला दहा आठवडे उरले होते, सरासरी 10.1 च्या आसपास अडकलेली, आणि वडील एका संध्याकाळी मला बाजूला घेऊन म्हणाले, “साहेब, ती म्हणते सगळ्यात भारीची डबी पाहिजे. घेतो मी. पण दर आठ-नऊ दिवसांनी एक लागते. खरंच फरक पडतो का, तेवढं सांगा.”

प्रश्न शंभर टक्के रास्त होता. टूलरूममधल्या एका मित्राने जाड प्लेटवर व्हाइस बसवून, जबड्यांना रबर लावून रायफल घट्ट धरेल अशी जोडणी करून दिली. पाच डब्या जमवल्या, तीन परदेशी आणि दोन देशी. कुणाच्या अर्ध्या, कुणाच्या नव्या. प्रत्येक डबीतले दहा छर्रे एकाच कागदावर मारायचे, मधे दुसरी डबी बदलताना पाच-सहा छर्रे वाया घालवायचे (बॅरलला नव्या छर्ऱ्याची सवय व्हावी लागते), आणि मग भोकाच्या बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत व्हर्नियरने मोजायचं. रविवारची अख्खी सकाळ गेली, चहाचे तीन राउंड झाले.

निकाल? सर्वांत महाग डबी तिसरी आली. पहिली आली ती मधल्या किमतीची, 4.50 ची परदेशी. दहा छर्ऱ्यांचं मिळून साडेपाच मिलिमीटरचं भोक, म्हणजे जवळजवळ एकावर एक. देशीपैकी बरी होती तिचा गट साडेसात मिलिमीटर. दुसऱ्या देशीबद्दल न बोललेलं बरं. पण हा निकाल *तिच्या* बॅरलचा आहे, म्हणूनच मी इथे ब्रँड लिहीत नाही. माझ्या बॅरलवर क्रम वेगळा लागला.

साडेपाच आणि साडेसात यांतला पैसा

आता थोडं गणित, पण घाबरू नका, अप्रेझलएवढं अवघड नाही. या टार्गेटवर मध्यापासून दर पाव मिलिमीटर लांब गेलं की दशांश एक गुण जातो. मधोमध 10.9, अडीच मिलिमीटर लांब गेलात की 10.0. त्या दोन डब्यांमधला फरक सर्वांत वाईट छर्ऱ्याला एक मिलिमीटरचा, म्हणजे 0.4 गुणांचा. ऐकून वाटतं, अरे बाप रे, साठ शॉट्सना चोवीस गुण!

तसं होत नाही. छर्ऱ्याची चूक आणि तुमच्या हाताची चूक सरळ बेरजेने वाढत नाहीत. कधी एका दिशेला जातात, कधी एकमेकींना खातात, आणि मोठी चूक लहान चुकीला झाकून टाकते. माझ्यासारख्याचा शॉट मुळातच मध्यापासून चार-पाच मिलिमीटर भटकतो. त्याला साडेपाचचा गट देणारा छर्रा दिला काय आणि साडेसातचा दिला काय, शॉटमागे दशांश एक गुणाचाही फरक निघत नाही. म्हणजे मी परदेशी डबी घेतो ती निव्वळ मनाच्या समाधानासाठी. ती मुलगी मात्र दोन-सव्वादोन मिलिमीटरच्या आत आहे. तिच्या बाबतीत तोच फरक शॉटमागे जवळजवळ दशांश एक गुणावर जातो, आणि साठ शॉट्सना मिळून पाचेक गुणांवर. फायनल आणि परतीची एसटी यांच्यात तेवढंच अंतर असतं.

गिरणीवाल्या काकांना हे असं सांगितलं: फरक पडतो, पण रोज नाही पडत. उभं राहण्याची ढब, श्वास, ट्रिगर यांचा सराव तिने देशी छर्ऱ्यावर करायचा. निम्मा वेळ तर रिकामा ट्रिगर दाबण्याचा, त्याला छर्राच लागत नाही. गुण मोजायचे त्या दिवशी आणि शेवटच्या तीन आठवड्यांत मॅच छर्रा. चार हजारांऐवजी पंधराशे मॅच छर्ऱ्यांत काम भागलं, म्हणजे आठ डब्यांऐवजी तीन. स्पर्धेत तिला 611 च्या वर गुण मिळाले. आधी 606 पुढे जात नव्हती. सगळं श्रेय डबीला द्यायला मी तयार नाही. त्या दहा आठवड्यांत पोरगी पहाटे साडेपाचला रेंजच्या दारात उभी असायची.

तीन डब्या मात्र एकाच लॉटच्या हव्यात. हा तो बारीक अक्षरातला नंबर. साचा झिजतो, शिसं बदलतं, आणि त्याच कंपनीच्या त्याच मापाच्या पुढच्या लॉटचं वागणं वेगळं निघू शकतं. आम्हाला एका दुकानाने फोनवर ‘हो हो, तोच लॉट’ म्हणत दोन वेगळ्या नंबरांच्या डब्या पाठवल्या होत्या. तेव्हापासून आधी व्हॉट्सअॅपवर डबीच्या मागच्या बाजूचा फोटो, मग पैसे.

काडतूस आणि रिलोडिंगचं भूत

रेंजवर येणारा दर तिसरा नवा मुलगा अमेरिकन व्हिडिओ पाहून आलेला असतो. रिकामी केस, नवी दारू, नवी गोळी, हँडल दाबलं की काडतूस तयार! ‘घरी करता येतं का?’ नाही येत. आपल्या 1959 च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येतच त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीही येते. परवान्याशिवाय बनवणं म्हणजे छंद नव्हे, गुन्हा.

आणि खरं सांगायचं तर गरजही नाही. कुसाळे ज्या प्रकारात खेळतो तिथे पॉइंट टू टूचं काडतूस असतं. त्याचं पेटणारं मिश्रण केसच्या कडेत भरलेलं असतं, आणि पिन लागली की ती कड चेपते. ती केस पुन्हा भरण्यासारखी राहतच नाही. तिकडे रिलोडिंग चालतं ते मुख्यतः मोठ्या रायफलींच्या आणि शॉटगनच्या काडतुसांचं.

पॉइंट टू टूकडे वळायचं तर परवाना लागतो, काडतुसांची संख्या परवान्याला बांधलेली असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते. घाई करू नका. दोन वर्षं एअर रायफल मारा, गुण दाखवा, जिल्हा आणि राज्य संघटनेतून रीतसर जा.

एअर रायफलचं तसं नाही. 20 ज्यूलपेक्षा कमी ताकदीच्या, .177 म्हणजे आपल्या साडेचार मिलिमीटरच्या रायफलीला शस्त्र परवाना लागत नाही. स्पर्धेची रायफल आठ ज्यूलच्या आसपासच असते. तरी दुकानदार ओळखपत्राची प्रत मागतो, ती द्या, आणि पक्कं बिल घ्या. परवाना नाही म्हणजे खेळणं आहे असंही नाही. गच्चीवरून पक्ष्यांवर नेम धरणारे महाभाग अजून भेटतात. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 पासून आहे, आणि रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य आपल्याच जिल्ह्यात आहे हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

घरी आणल्यावर

डबी गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. शिशावर पांढरी पूड दिसली तर ते छर्रे सरावालाही नकोत. डबी पडली तर छर्ऱ्यांची मागची कड चेपते, तेवढे निवडून बाजूला काढा. सराफाच्या काट्यावर एकेक छर्रा तोलणारे लोक आहेत. एक आमच्याकडेही आहे, दंतवैद्य, आणि त्याला त्यात समाधी लागते. सरासरी 10.3 च्या पुढे जाईपर्यंत तुम्ही त्या नादाला लागू नका.

शेवटचं, पण हसण्यावारी नेऊ नका. छर्रा शिशाचा असतो. तो तोंडात धरायचा नाही, लेनवर वडापाव खायचा नाही, आणि घरी जाऊन बाळाला उचलण्याआधी साबणाने हात धुवायचे. विमानाने निघालात तर डबी केबिन बॅगेत अजिबात नको. एअरलाइनला आधी विचारून, चेक-इन सामानात जाहीर करून न्या. आमच्याकडची एक डबी सिक्युरिटीच्या टेबलावर राहिली ती कायमचीच, आणि ती नेमकी तपासलेल्या लॉटची होती.