एकाच बगीच्यात दोन काका

आष्टीच्या एका संत्र्याच्या बगीच्यात आम्ही गमतीचा व्हिडिओ केला. बगीच्याचे मालक काका आणि माल बघायला आलेले व्यापारीही काकाच. दोघांत भावाची घासाघीस. बघणारे विचारतात, "जुळा भाऊ कुठून आणला?"

ही करामत मास्कची. मास्क म्हणजे वरच्या चित्रात कापलेली खिडकी. खिडकीतलं तेवढं राहतं, बाकीच्या जागी खालच्या थरावरचं चित्र दिसतं.

फिल्मच्या काळी हे कॅमेऱ्यातच करायचे. भिंगापुढे काळा पुठ्ठा धरून अर्धी चौकट झाकायची, शॉट घ्यायचा, रीळ मागे फिरवायचं आणि दुसरी बाजू झाकून तीच फिल्म पुन्हा चालवायची. फाळक्यांच्या 'लंका दहन'मध्ये (१९१७) अण्णा साळुंके रामही होते आणि सीताही. अशा दोन भूमिका एका चौकटीत आणणं म्हणजे केवढा जुगार!

आता संगणकावर दहा मिनिटांचं काम, पण शूटिंग नीट झालं असेल तरच. ट्रायपॉड हलता कामा नये. फोकस, एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक. काका आधी डावीकडे उभे राहिले, मग शर्ट बदलून उजवीकडे. समोर बघून बोलायला कुणी हवं, म्हणून काठी रोवून तिच्यावर टोपी ठेवली. दोन शॉटच्या मध्ये ढग आला तर सरळ थांबा. सावलीतला फरक कुठलाही मास्क लपवत नाही.

प्रीमिअर प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन्ही शॉट एकावर एक ठेवले. वरच्या शॉटच्या ऑपॅसिटीखालच्या पेनने डाव्या काकांभोवती ऐसपैस आकार काढला. कड झाडाच्या बुंध्यावरून नेली, कारण पानं वाऱ्याने हलतात, बुंधा हलत नाही. मग फेदर, म्हणजे कड मऊ करणं. फार कमी ठेवलं तर कात्रीने कापल्यासारखी रेघ दिसते, फार वाढवलं तर काकांचा खांदा धूसर होतो.

आमची फजिती वेगळीच झाली. मालक काकांनी संत्रं पुढे केलं आणि मनगटापासून हात गायब! हात मास्कच्या कडेबाहेर गेला होता. सेकंदाला २५ फ्रेम, हात दोन सेकंद पुढे. म्हणजे ५० फ्रेममध्ये हातामागे कड सरकवायची. कीफ्रेम, म्हणजे त्या त्या फ्रेमवर कडेची जागा नोंदवणाऱ्या खुणा, लावत बसलो, पण बोटं काही जमेनात. शेवटी तो शॉटच पुन्हा घेतला आणि व्यापारी काकांच्या हातात आधीपासूनच एक संत्रं दिलं.