शाल-श्रीफळ मिळाले, हिशेब कधी मिळणार?

वृद्धाश्रमात पाहुणे येतात ते पुढच्या दाराने. हॉलमध्ये बसतात, आजी-आजोबांना फळे वाटतात, फोटो काढतात आणि निघून जातात. स्वयंपाकघरामागे कर्मचाऱ्यांची खोली असते, ती कोणी पाहत नाही. कल्याणच्या पुढे असलेल्या एका वृद्धाश्रमात आम्ही नुकतेच गेलो, ते मात्र त्या मागच्या खोलीतच बसलो. कारण आम्हाला बोलावणे होते ते तेथील मावशींचे.

महिन्याकाठी पैसे भरून राहण्याचा हा वृद्धाश्रम. चाळीसच्या वर आजी-आजोबा आणि २४ कर्मचारी. सगळे त्यांना मावशी आणि मामा म्हणतात. त्यांतले निम्म्याहून अधिक आपल्याच वस्त्यांतून पहाटेची लोकल पकडून येणारे. संस्थेचे नाव आम्ही देत नाही. अनेकांची चूल अजून त्या पगारावर पेटते, आणि आम्ही जे पाहिले ते काही एकाच संस्थेत घडते असेही नाही.

खोलीत डबे, पिशव्या, चपला आणि भिंतीवर एक नोटीस बोर्ड. आम्ही तो वाचून काढला. या महिन्याच्या दिवसपाळ्या व रात्रपाळ्या. दोन नव्या मावशी कामावर रुजू झाल्या, त्यांना सर्वांनी काम समजावून सांगावे. एका मामांची मुलगी दहावी पास झाली, अभिनंदन. लिफ्ट दोन दिवस बंद राहील. ड्युटीवर मोबाईल वापरू नये. आणि मधोमध, रंगीत स्केचपेनने वेलबुट्टी काढलेला कागद : आपल्या सर्वांच्या लाडक्या मावशी अठरा वर्षांच्या सेवेनंतर निवृत्त होत आहेत, दुपारी चार वाजता चहापान. खाली संस्थेचा शिक्का आणि व्यवस्थापकांची सही.

त्याच समारंभाला आम्ही गेलो होतो. शाल झाली, श्रीफळ झाले, भिंतीवरचे घड्याळ भेट मिळाले. सेवेचे मानपत्रही मिळाले. 'मावशी म्हणजे या घराची आई' असे भाषण झाले. एक निवृत्त शिक्षक आजोबा मावशींचा हात सोडीनात. मावशींचेही डोळे भरून आले. ते प्रेम खोटे नव्हते, हे आम्ही स्वतः पाहिले.

चहा झाला. मावशी मागच्या खोलीत आल्या, घड्याळ पिशवीत ठेवले आणि हळूच म्हणाल्या, "तुम्ही पेपरवाले ना? मग एक सांगा. माझ्या हिशेबाचं कुणाला विचारायचं?"

अठरा वर्षांचा हिशेब

वाचकहो, हा हिशेब आपण एकत्र बसून करू. कारण असा प्रश्न आज आपल्या घराघरांत आहे. कोणाची आई, कोणाची बहीण, कोणाची सून वृद्धाश्रमात, नर्सिंग होममध्ये किंवा ब्युरोमार्फत कोणाच्या तरी घरी आजाऱ्याची काळजी घेते आहे.

मावशींचा शेवटचा पगार महिना १२,००० रुपये. ग्रॅच्युइटीचा कायदा १९७२ चा. जेथे दहा किंवा अधिक कामगार आहेत, तेथे पाच वर्षे सलग नोकरी केलेल्या कामगाराला प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार मिळावा, असा त्याचा नियम. महिन्याचे कामाचे दिवस २६ धरतात. म्हणजे १२,००० ला २६ ने भागायचे, १५ ने गुणायचे, आणि मग १८ वर्षांनी गुणायचे. उत्तर येते १ लाख २४ हजार ६१५ रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या आणि जुना कायदा त्यात गेला. परंतु वर्षाला पंधरा दिवसांचा हा हिशेब सामाजिक सुरक्षा संहितेत कायम आहे.

एवढी रक्कम एका बाजूला आणि शाल, नारळ, घड्याळ दुसऱ्या बाजूला. मावशींनी कार्यालयात विचारले होते. उत्तर मिळाले, "तुम्ही आमच्या कामगार नाहीत. तुम्ही ब्युरोच्या."

खरी गोष्ट अशी की पहिली सहा वर्षे मावशी थेट संस्थेच्या वहीवर सही करून रोख पगार घेत होत्या. पुढे एक दिवस सर्वांकडून कागदावर सह्या घेतल्या गेल्या आणि पगार ब्युरोतून येऊ लागला. मजला तोच, खाटा त्याच, हुकूम देणारे तेच. बदलला तो फक्त कागद. कागदावर काय आहे ते कोणी वाचून दाखविले नाही, आणि सकाळच्या घाईत कोणी विचारलेही नाही.

सेवा या शब्दाचे दोन अर्थ

मावशींच्या मानपत्रात 'सेवा' हा शब्द पाच वेळा आला आहे. आम्ही मोजला. आपल्या भाषेत या शब्दाचे दोन अर्थ आहेत. एक सेवा मोबदला न मागता करायची. दुसरी सेवा सरकारी कचेरीत असते : सेवापुस्तक, सेवाज्येष्ठता, सेवानिवृत्ती. तिला पगार असतो, रजा असते, शेवटी हिशेब असतो. आपल्या मावशींना मानपत्रात पहिला अर्थ दिला जातो आणि दुसरा अर्थ विचारला की त्या लोभी ठरतात.

आपल्याला कोणी धम्माचा दाखलाही देतात. विनयपिटकाच्या महावग्गात एका आजारी भिक्खूची कथा आहे. तो अतिसाराने आपल्याच मलमूत्रात पडला होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदांकडून पाणी आणविले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदांनी त्याला धुतले, आणि दोघांनी मिळून त्याला उचलून खाटेवर ठेवले. चांगला शुश्रूषा करणारा कसा असावा हेही तेथे सांगितले आहे. त्याला मलमूत्राची किळस नसावी, पथ्य-अपथ्य कळावे, आणि त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने काम करावे.

मग मावशींनी पैसे मागू नयेत काय? भिक्खूला घरभाडे नव्हते, मुलांची फी नव्हती. त्याच्या चीवराची आणि भोजनाची काळजी उपासक घेत. संसारी माणसासाठी बुद्धांनी वेगळा उपदेश केला आहे. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात मालकाची कर्तव्ये सांगितली आहेत : नोकराला शक्तीप्रमाणे काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात त्याची काळजी घ्यावी, गोडधोड वाटून खावे, वेळेवर रजा द्यावी. अडीच हजार वर्षांपूर्वीची ही यादी त्या नोटीस बोर्डाशेजारी लावण्यासारखी आहे.

परमपूज्य बाबासाहेबांनी हीच गोष्ट कायद्याच्या भाषेत मांडली. १९२८ साली मुंबई विधिमंडळात त्यांनी बाळंतपणाच्या पगारी रजेची बाजू घेतली. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. ११ एप्रिल १९४६ रोजी किमान वेतनाचे विधेयक त्यांनीच मांडले आणि १९४८ साली तो कायदा झाला. पगार ही मालकाची मेहेरबानी नाही, हे त्यांनी आपल्याला शिकविले.

हे अडाण्याचे काम नाही

"त्यात काय येतं? घाण तर काढायची," असे आपल्याच घरात बोलले जाते. आम्ही एक दिवसपाळी पाहिली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस सुमारे दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीला व कमरेला जखमा होतात. भरविताना बसते करावे लागते, आडवे ठेवून पाणी पाजले तर ते श्वासनळीत जाते. स्मृती गेलेल्या आजी "आई कुठं आहे?" असे विचारतात, तेव्हा त्यांच्याशी वाद घालायचा नसतो, हात धरून बोलणे दुसरीकडे वळवायचे असते. माणूस उचलताना कमरेतून वाकायचे नाही, गुडघे वाकवायचे. हे सारे मावशींना येते. त्या शाळेत सातवीपर्यंत गेल्या, ही विद्या खाटेशेजारी शिकल्या. आज या कामाचा 'जनरल ड्युटी असिस्टंट' नावाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. म्हणजे जगाने हे कौशल्य मानले आहे. ते आपणही मानले पाहिजे.

आणि जात? ती तेथेही निवृत्त झालेली नाही. मावशींनी सांगितले, एक आजी त्यांच्या हातचे पाणी घेत नसत. "डायपर बदलताना काही नाही. पाण्याचा पेला दिला की तोंड फिरवायच्या. मग मी पेला टेबलावर ठेवून बाजूला व्हायचे. तहान लागली की प्यायच्या." मावशी हे हसत सांगत होत्या. आम्हाला हसू आले नाही.

वही आणि बोर्डावरचा कागद

ब्युरोच्या कामगार की संस्थेच्या, हा वाद नुसत्या तोंडी बोलण्याने सुटत नाही. प्रत्यक्ष काम कोणी घेतले, हुकूम कोणाचा होता, पगार कोठून आला, हे पुराव्याने दाखवावे लागते. मावशींकडे पुरावा काय? त्यांना वाटले, काहीच नाही. मग त्यांच्या मुलीने ट्रंक उघडली.

ट्रंकेत शाळेच्या दोनशे पानी वह्या निघाल्या. मुलगी आठवीत असताना तिने आईसाठी पहिली वही आखली होती. तारीख, पाळी, किती वाजता गेले, किती वाजता सुटले. मावशी रोज रात्री त्यात लिहीत. एकही महिना सुटलेला नाही. त्यासोबत संस्थेची जुनी ओळखपत्रे, वार्षिक स्नेहसंमेलनाचे फोटो, दहा वर्षे झाली तेव्हाचे प्रशस्तिपत्र. आणि आता बोर्डावरचा तो वेलबुट्टीचा कागद. 'अठरा वर्षांच्या सेवेनंतर' असे शब्द, संस्थेचा शिक्का, व्यवस्थापकांची सही. जी संस्था म्हणते की ही आमची कामगार नाही, तिनेच अठरा वर्षे लिहून दिली आहेत. निरोपासाठी लिहिलेली सेवा आता हिशेबासाठी उपयोगी पडणार आहे.

भगिनींनो, एवढे करा

नेमणुकीचे पत्र मागून घ्या. नव्या संहितांनुसार ते प्रत्येक कामगाराला दिलेच पाहिजे. न वाचलेल्या कागदावर सही करू नका. घरी शिकलेला मुलगा-मुलगी असेल तर त्यांच्याकडून वाचून घ्या.

पगार बँकेत घ्या आणि पगाराची पावती जपून ठेवा. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी, पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल तर, ईएसआयची नोंदणी विचारा. १२,००० पगारावर तुमचे ९० रुपये कापले जातात आणि मालकाला ३९० रुपये भरावे लागतात. त्यात कुटुंबाचे औषधपाणी होते आणि आजारपणाच्या रजेत ठरावीक दिवस पगाराचा ७० टक्के भाग मिळतो. कामगार वीस किंवा अधिक असतील तर फंडाचा नंबर मागा आणि त्यात पैसे भरले जातात की नाही ते मोबाईलवर तपासा.

चाळिशी ओलांडलेल्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी नव्या संहितेत सांगितली आहे. तिचीही आठवण द्या. हातमोजे आणि हिपॅटायटिस बी ची लस मागा. मलमूत्र, रक्त आणि सुया रोज हाताळणाऱ्यांनी ती मागण्यात लाज कसली?

नोकरी सुटली की ग्रॅच्युइटीचा अर्ज तीस दिवसांच्या आत लेखी द्या. उशीर झाला तरी कारण सांगून अर्ज करता येतो. अर्जाची एक प्रत आणि पोचपावती स्वतःजवळ ठेवा. उत्तर आले नाही तर कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जा. एकटे जाऊ नका, वस्तीतल्या कार्यकर्त्याला किंवा युनियनच्या माणसाला सोबत घ्या.

आणि आजच एक वही आखा.

आम्ही पुन्हा त्या वृद्धाश्रमात गेलो. मावशींचा अर्ज रजिस्टर पोस्टाने गेला आहे, पोचपावती आली आहे, उत्तर यायचे आहे. मात्र मागच्या खोलीतील बोर्डावर एक नवा कागद होता : ईएसआय नोंदणीसाठी सर्व कर्मचाऱ्यांनी आधार कार्ड व पासबुकाची प्रत कार्यालयात द्यावी. नव्या आलेल्या दोन मावशींपैकी एकीने त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढून ठेवला होता. तिला हे कोणी शिकविले, ते विचारण्याची आम्हाला गरज वाटली नाही.

परतताना आम्ही मावशींच्या घरी चहा घेतला. भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो, शेजारी एक रिकामा खिळा. घड्याळ कुठे आहे, असे आम्ही विचारले.

"ट्रंकेत आहे," मावशी म्हणाल्या. "हिशेब आला की लावीन."