कॅपचा अर्ज आणि शेवटची तारीख

बारावीचा निकाल लागला की छत्रपती संभाजीनगरच्या सेतू केंद्रांवर पालकांची रांग लागते. इंजिनीअरिंगच्या केंद्रीभूत प्रवेशात (कॅप) खरा वेळ अर्ज भरण्यात जात नाही, दाखल्यांत जातो. ओबीसीसाठी नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र हवे आणि त्याची मुदत पुढच्या ३१ मार्चपर्यंत असावी लागते. मुदत संपलेले जुने प्रमाणपत्र इथेच बाद होते. ईडब्ल्यूएसचा दाखला राज्याच्या नमुन्यातला घ्या. जात पडताळणीला तर महिने लागतात, ती अकरावीतच सुरू केलेली बरी.

दाखल्याच्या मोबाइलवर काढलेल्या फोटोत नेमका तहसीलदारांचा शिक्का कापला जातो. अपलोड केल्यावर फाइल उघडून पाहा, दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव अक्षर न् अक्षर जुळवा.

मग ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज आणि शाखांचा पसंतीक्रम. इथे घाई महागात पडते. उस्मानपुऱ्यातल्या शासकीय अभियांत्रिकीचा कोड २००८. त्यापुढचे आकडे शाखेचे, आणि एक आकडा चुकला की सिव्हिलच्या जागी भलतीच शाखा. ‘मिळणार नाही’ म्हणून आवडीचे कॉलेज खाली ढकलू नका: वाटप गुणवत्तेने होते, क्रम फक्त तुमची पसंती सांगतो. मात्र पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर जागा आपोआप पक्की होते, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून शेजारच्याच्या मुलाने टाकले ते पहिल्या क्रमांकावर नको. शेवटी स्वतःच्या लॉगिनमधून कन्फर्म करा. नुसता सेव्ह केलेला फॉर्म वाटपात धरला जात नाही.